माहेरच्या आडनावाचा माग

माझ्या नवऱ्याच्या आजीला घरातले लहानथोर सगळे नोन्ना म्हणत, लग्नानंतर मीही म्हणू लागले. जन्म न्यू जर्सीतला, इटली तिने कधी पाहिलीही नव्हती, पण गोष्टी सांगायला बसली की सगळ्या तिकडच्याच. त्यातल्या तीन घरात सर्वांना पाठ होत्या. आपण मूळचे नेपल्सचे. अमेरिकेत उतरणाऱ्यांची तपासणी होई त्या एलिस बेटावरच्या कारकुनाने आपले आडनाव बिघडवले. आणि तिसरी गोष्ट ती आवाज खाली आणून सांगायची: तिच्या आईची आई कुणा सरदाराची मुलगी होती, रातोरात गावात सोडून दिलेली.

नोन्ना गेली तेव्हा सासूबाईंनी तिचा पत्र्याचा डबा माझ्या हाती दिला. “तुला जुन्या कागदांची आवड आहे, तूच बघ,” म्हणाल्या. डब्यात फोटो होते, जपमाळ होती आणि नोन्नाच्या आईवडिलांच्या लग्नाचा, अमेरिकेतल्याच एका चर्चचा, दाखला होता.

आमच्या गावच्या वाचनालयात इटालियन घराण्यांचा शोध घेणाऱ्यांचे एक मंडळ दर महिन्याला जमते. बहुतेक जण निवृत्त शिक्षक, पोस्टमन, नर्स. अशी मंडळे या भागात बरीच आहेत. ‘इटालियन जिनिऑलॉजिकल ग्रुप’च्या स्वयंसेवकांनी तर न्यूयॉर्क शहरातल्या जुन्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदींच्या सूची वर्षानुवर्षे खपून तयार केल्या, आणि त्या कुणालाही फुकट पाहता येतात. आमच्या मंडळातल्या एका वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडून कागद घेण्याआधी नोन्नाच्या गोष्टी ऐकून घेतल्या. चुकीच्या वाटतात त्याही जशाच्या तशा लिही म्हणाले, कारण आजी ज्या ठिकाणी चुकते त्या ठिकाणीही काहीतरी घडलेले असते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बायकांची माहेरची आडनावे ठाऊक आहेत का?”

कारण इटलीच्या दप्तरात बाई लग्नानंतरही जन्माच्याच आडनावाने राहते. जन्म, लग्न, मुलांचे जन्म, स्वतःचा मृत्यू, सगळीकडे तेच. बोटीच्या याद्यांतही बहुधा तेच. नवरा आधी अमेरिकेला गेलेला, मागून बायको चार मुले घेऊन निघालेली, तर मुले बापाच्या आडनावाने आणि आई तिच्या स्वतःच्या. १८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत आले, त्यातले बहुतेक दक्षिणेचे. एवढ्या गर्दीत आजीची आई सापडायची तर तिच्याच नावाने सापडते.

नोन्नाची दुसरी गोष्ट त्या पहिल्याच बैठकीत गळाली. एलिस बेटावर कारकून नावे बदलत नसत. याद्या बोट सुटण्याआधीच, नेपल्स, पालेर्मो, जेनोवा अशा बंदरांत बनत. बेटावरचा अधिकारी हातातल्या यादीशी माणूस ताडून बघे. आडनावे बदलली ती नंतर, शाळेत, कारखान्यात, पगाराच्या वहीत, कधी माणसांनी स्वतःहून.

नेपल्सचा उलगडा लग्नाच्या दाखल्याने केला. अमेरिकेतली कॅथलिक चर्च लग्न लावताना वधूवरांचा बाप्तिस्मा कुठे झाला ते पुष्कळदा लिहून ठेवत. गाव निघाले आव्हेलिनोच्या डोंगराळ मुलखातले, नेपल्सपासून चांगलेच आत. तो सगळा प्रदेश पूर्वी नेपल्सच्या राज्यात होता आणि बोटही नेपल्सहून सुटलेली. अमेरिकेत कुणी विचारले तर डोंगरातल्या खेड्याचे नाव सांगून काय उपयोग?

त्या मुलखात नागरी नोंदी सुरू झाल्या १८०९ मध्ये, नेपोलियनच्या मेहुण्याच्या, म्यूराच्या राजवटीत. त्याआधीचे सारे चर्चच्या वह्यांत. या नोंदींची छायाचित्रे इटलीच्या सरकारी अभिलेखागारांनी ‘आन्तेनाती’ या संकेतस्थळावर खुली केली आहेत. पण वाचायला सराव लागतो. मंडळातल्या एका बाईंनी मला शेजारी बसवून शिकवले. तारखेत सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रे’ दिसले की तो जुलै नसतो, सप्टेंबर असतो. लग्नाच्या नोंदीपाशी थांबायचे नाही, तिच्यासोबतच्या कागदांचा जुडगा शोधायचा. मुलांच्या लग्नाला बापाची संमती लागे, बाप नसला तर आजोबांची. म्हणून बापाच्या आणि आजोबांच्याही मृत्यूचे दाखले त्या जुडग्यात जोडलेले असतात आणि एका लग्नातून तीन पिढ्या हाती लागतात.

नोन्नाच्या आजीच्या लग्नाच्या कागदांत मात्र बापाचा दाखला नव्हता, आईचाही नव्हता. आणि तिचे आडनाव गावात दुसऱ्या कुणाचेच नव्हते. ते पाहताच शिकवणाऱ्या बाईंनी मला थेट जन्मनोंदीकडे वळवले.

दक्षिण इटलीत टाकलेल्या मुलांसाठी भिंतीत लाकडी चक्र बसवलेले असे. बाहेरून मूल ठेवायचे, चक्र फिरवायचे, आत एक बाई ते उचलून घ्यायची. ठेवणाऱ्याचे तोंड कुणाला दिसत नसे. नेपल्सच्या आनुन्त्सिआता संस्थेतले चक्र सर्वांत प्रसिद्ध, ते १८७५ मध्ये बंद झाले. पण लहान गावांतही अशी चक्रे होती. अशा मुलांना पूर्वी ‘एस्पोझितो’ आडनाव देत. त्याचा डाग जन्मभर राहतो म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती पद्धत बंद केली गेली. मग गावचा अधिकारी मनाने एखादे नवे आडनाव घडवून द्यायचा.

नोंद १८५९ ची. चक्रावरच्या बाईने बाळ आणून दाखवले, स्त्रीलिंगी, नुकते जन्मलेले, जुन्या कापडात गुंडाळलेले, अंगावर ओळखीची खूण नाही. अधिकाऱ्याने नाव आणि आडनाव दिले, दूध पाजणाऱ्या बाईकडे सोपवले. सरदाराचा पत्ता त्यात कुठेही नाही, आणि तो असण्याचे कारण मला दिसत नाही. चक्रात मुले ठेवणाऱ्यांत कुमारिका होत्या, विधवा होत्या, खायला नसलेली नवराबायकोही होती. सरदार नंतर कुणीतरी मायेने जोडला असणार. पण मूळ गोष्ट खरी होती. आणि त्या अनाथ मुलीचे, अधिकाऱ्याने दिलेले ते आडनाव लग्नात तसेच राहिले, लेकीच्या जन्मात राहिले, मृत्यूच्या नोंदीत राहिले: अज्ञात आईबापांची मुलगी, अमक्याची विधवा.

कायद्याने मात्र या बायकांना मान दिला नाही. इटलीत आईकडून मुलांना नागरिकत्व मिळण्याचा हक्क १ जानेवारी १९४८ ला नवी राज्यघटना लागू झाल्यापासूनचा. त्याआधी जन्मलेल्या मुलांच्या वंशजांना न्यायालयात जावे लागे. आता २०२५ च्या कायद्याने आजीआजोबांच्या पलीकडच्या पिढीवरून हक्क सांगण्याची वाटही बंद केली. मंडळातले काही जण त्यामुळे खचले. शोध मात्र बहुतेकांनी सोडला नाही.

नोन्नाच्या आजीची नोंद सापडली त्याच हिवाळ्यात मी माझ्या स्वतःच्या आजीची नोंद शोधायला घेतली. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांचे मोडीतले हस्ताक्षर वडिलांनी मला लहानपणी दाखवले होते. त्या पानावर सगळे पुरुष. आजीचे नाव लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदलले. माहेरचे नाव सासरी कुणाला ठाऊकच नव्हते. तिच्या गावच्या जुन्या जन्मनोंदींत तिच्या वडिलांचे नाव आहे आणि पुढे फक्त ‘मुलगी’. भरल्या घरात, हवीशी म्हणून जन्मलेली मुलगी. तिचे जन्मनाव शेवटी तिच्या धाकट्या बहिणीने, माझ्या मावशीआजीने, फोनवर सांगितले. तिच्याखेरीज ते सांगणारे कुणी उरले नव्हते.

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढची बाई असेल तर या आठवड्यातच तिच्यापाशी बसा. तिचे जन्माचे नाव, आईचे जन्माचे नाव, दोघींच्या माहेरचे गाव आणि आडनाव विचारा. ती सांगेल ते, चुकीचे वाटले तरी, तिच्याच शब्दांत कागदावर उतरवा आणि खाली तारीख घाला.