इंग्रजीतील हरवलेले एकवचन

आजच्या प्रमाण इंग्रजीत द्वितीय पुरुषाचे, म्हणजे ज्याच्याशी बोलायचे त्याच्यासाठीचे, ‘यू’ हे एकच सर्वनाम उरले आहे. ते लहान मुलाला चालते, राजाला चालते आणि भरलेल्या सभागृहालाही चालते. समोर एकच माणूस असला तरी ‘यू’बरोबर ‘आर’ आणि ‘वेअर’ ही अनेकवचनी क्रियापदे येतात, कारण ‘यू’ हे मुळात अनेकवचनच आहे. एका वडीलधाऱ्या माणसाला ‘तुम्ही आलात’ असे म्हणताना मराठीत सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही आदरार्थी अनेकवचनात जातात, तसाच हा प्रकार. मात्र मराठीने ‘तू’ राखला आणि इंग्रजीने आपला ‘तू’, म्हणजे ‘दाऊ’, गमावला. हा लोप कोणा वैयाकरणाच्या आज्ञेने झालेला नाही. तो घरात, बाजारात आणि न्यायालयात बोलणाऱ्या माणसांनी काही शतकांच्या वापरातून घडवून आणला, आणि व्याकरणकार त्यानंतर नियम लिहावयास आले.

नॉर्मन लोकांनी 1066 मध्ये इंग्लंड जिंकण्यापूर्वीच्या जुन्या इंग्रजीत एकासाठी एक, अनेकांसाठी दुसरे आणि संस्कृतातल्या द्विवचनासारखे नेमके दोघांसाठी तिसरे अशी तीन सर्वनामे होती. त्यांचा संबंध केवळ संख्येशी होता, मानाशी नव्हता. राजालाही एकवचनानेच संबोधले जाई. पुढे द्विवचन मावळले आणि कर्त्यासाठी ‘दाऊ’ व ‘ये’, कर्मासाठी ‘दी’ व ‘यू’ अशी चार रूपे राहिली. राज्यकर्त्या वर्गाची भाषा फ्रेंच झाली होती, आणि फ्रेंचमध्ये श्रेष्ठ व्यक्तीला ‘वू’ या अनेकवचनाने संबोधण्याची रीत होती. तिचे अनुकरण तेराव्या शतकापासून इंग्रजीतही दिसू लागते. वरच्याला अनेकवचन, खालच्याला एकवचन, बरोबरीच्या सरदारांत परस्परांना अनेकवचन आणि बरोबरीच्या कष्टकऱ्यांत एकवचन, असा साधारण संकेत रूढ झाला.

अशा संकेताला एकाच दिशेने उतार असतो. समोरच्याचा दर्जा नीट ठाऊक नसेल तेव्हा अधिक मान दिल्याने कोणी दुखावत नाही, कमी दिल्याने मात्र भांडण उभे राहते. सोळाव्या शतकातील लंडनमध्ये व्यापाराने श्रीमंत झालेले, खेड्यांतून नव्याने आलेले आणि पोशाखावरून कूळ न ओळखू येणारे लोक वाढत गेले, तसा संशयाचा फायदा ‘यू’ला मिळत गेला आणि ‘दाऊ’ सलगी, प्रार्थना व अपमान एवढ्यापुरते आक्रसले. अपमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 1603 मधले आहे. पहिल्या जेम्स राजाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून सर वॉल्टर रॅली यांच्यावर विंचेस्टर येथे खटला चालला, तेव्हा राजाचे मुख्य वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात त्यांना मुद्दाम ‘दाऊ’ म्हटले. इतकेच नव्हे, तर त्या सर्वनामाचेच क्रियापद बनवून आपण तसे म्हणत आहोत हेही त्यांनी बजावले. ‘एकेरीवर येणे’ आणि ‘अरे-तुरे करणे’ हे वाक्प्रचार ज्या भाषेत आहेत, तिच्या वाचकाला या शब्दाची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बायबलच्या भाषांतरांनी याच्या उलट वाट धरली. विल्यम टिंडेल यांनी 1526 मध्ये छापलेल्या नव्या करारात आणि त्यावर पुष्कळसा उभा असलेल्या 1611 च्या राजमान्य भाषांतरात, मूळ भाषांतल्या वचनभेदाला धरून, एकाला ‘दाऊ’ आणि अनेकांना ‘ये’ असेच लिहिले गेले, मग तो एक देव असो की चाकर. लोकांच्या तोंडून ‘दाऊ’ गेले आणि प्रार्थनेत मात्र टिकले, म्हणून आजच्या इंग्रजी कानाला ते भारदस्त वाटते. विठ्ठलाला ‘तू’ म्हणताना मराठी माणसाला जी जवळीक वाटते, तीच त्या शब्दात मुळात होती, ही गोष्ट आता बहुतेक इंग्रजी भाषकांना जाणवतही नाही.

या ओघाविरुद्ध जाणीवपूर्वक उभा राहिलेला एकच समुदाय म्हणजे क्वेकर, जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून सतराव्या शतकाच्या मध्यास निर्माण झालेला ख्रिस्ती पंथ. देवापुढे सर्व माणसे समान आहेत आणि एका माणसाला अनेक म्हणणे हे असत्य आहे, या दोन कारणांनी ते न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणत व कोणापुढेही टोपी काढत नसत. फॉक्स व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1660 मध्ये या एकाच मुद्द्यावर अनेक भाषांतील दाखले देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. या आग्रहाची किंमत घराघरांत मोजावी लागली. पुढे अंध मिल्टनला ग्रंथ वाचून दाखवणारे टॉमस एलवुड यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, क्वेकर झाल्यावर त्यांनी वडिलांना ‘दाऊ’ म्हटले, तेव्हा वडिलांनी त्यांना मारहाण केली आणि पुन्हा तो शब्द ऐकला तर दात पाडण्याची धमकी दिली. समतेचा इतका प्रामाणिक प्रयोग सर्वनामांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरीही तो समाजाच्या सवयीपुढे हरला. इंग्रजीत अखेरीस समता आली ती सर्वांना ‘दाऊ’ म्हणून नव्हे, तर सर्वांना ‘यू’ म्हणून.

‘दाऊ’बरोबर त्याची क्रियापदेही गेली. ‘तू जातोस’ यातील ‘स’प्रमाणे ‘दाऊ’च्या क्रियापदाला ‘-एस्ट’ हा प्रत्यय लागे. तृतीय पुरुषी एकवचनाचा दक्षिणेकडील ‘-एथ’ हा प्रत्यय उत्तर इंग्लंडच्या बोलीतून आलेल्या ‘-स’ने हटवला. शेक्सपिअरच्या नाटकांत हे दोन्ही प्रत्यय शेजारी नांदतात. 1611 च्या बायबलात मात्र जुनाच दिसतो. ‘जातोस’ म्हटले की मराठीत ‘तू’ गाळता येतो. इंग्रजी क्रियापदाचे प्रत्यय झिजल्यावर तशी सोय उरली नाही. याच काळात प्रश्न व नकार यांसाठी ‘डू’ हे साहाय्यक क्रियापद, म्हणजे मुख्य क्रियापदाला आधार देणारे रूप, आवश्यक होत गेले.

एकवचन गेल्याची उणीव भाषेला जाणवलीच. अठराव्या शतकात सुशिक्षितही एकाच माणसाला उद्देशून ‘यू वॉज’ म्हणत व लिहीत, म्हणजे सर्वनाम एक असले तरी क्रियापदावरून वचन कळे. ही सोय चांगली होती. परंतु रॉबर्ट लोथ यांनी 1762 च्या व्याकरणात ती अशुद्ध ठरवली आणि शालेय पुस्तकांनी तो निर्णय उचलला. मग लोकांनी दुसऱ्या टोकाने दुरुस्ती केली: अमेरिकेच्या दक्षिणेत ‘यॉल’ आणि आयर्लंडमध्ये ‘यूज’ अशी नवी अनेकवचने रुजली. लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांच्या पुढाकाराने विसाव्या शतकाच्या मध्यास झालेल्या बोलींच्या पाहणीत यॉर्कशायरसारख्या भागांतील शेतकऱ्यांच्या तोंडी जुने एकवचनही जिवंत आढळले.

‘दे’ची कथा याहून वेगळी नाही. व्हायकिंग वसाहतींतील नॉर्स भाषेतून आलेले हे तृतीय पुरुषी अनेकवचन चौदाव्या शतकापासूनच, स्त्री की पुरुष हे अनिश्चित असलेल्या एका व्यक्तीसाठी वापरले जात आले आहे. त्याला चूक म्हणणाऱ्या व्याकरणांनी ‘ही’ या पुल्लिंगी रूपात स्त्रियांनाही गृहीत धरण्याचा पुरस्कार केला, आणि 1850 मध्ये ब्रिटिश संसदेने कायद्यांच्या भाषेसाठी हेच तत्त्व मान्य केले. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 8 ने ‘ही’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांसाठी असल्याचे सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 2 मध्ये त्या व्याख्येत तृतीयपंथी व्यक्तींची भर पडली आहे. सर्वनाम मात्र ‘ही’च राहिले आहे.