स्नायूंमधील कॅल्शियम-मुक्ती

चेतातंतूच्या संदेशामुळे स्नायुपेशीतील साठ्यातून कॅल्शियम आयन मोकळे होऊन आकुंचन घडण्याची प्रक्रिया.

कॅल्शियमचे महत्त्व प्रथम लक्षात आले ते लंडनमध्ये. तेथील डॉक्टर सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवले होते. पण ते द्रावण नळाच्या पाण्याचे होते. ऊर्ध्वपातित पाणी वापरताच ठोके मंदावले. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमची ही किमया १८८३ मध्ये प्रसिद्ध झाली.

अस्थिस्नायूत चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते आणि स्नायुपेशीच्या पटलावर विद्युत्‌लहर उठते. पटलाच्या आत वळलेल्या सूक्ष्म आडव्या नलिकांतून ती खोलवर पोहोचते. नलिकांच्या भिंतीतील विद्युत्‌दाब-संवेदी प्रथिने आकार बदलतात आणि शेजारच्या कॅल्शियम-साठ्यावरील रायनोडाइन ग्राही नावाची दारे उघडतात. हृदयात मात्र बाहेरून शिरलेले थोडे कॅल्शियमच हे दार उघडते.

मोकळे झालेले कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे ट्रोपोमायोसिन हे दुसरे प्रथिन बाजूला सरकते, मायोसिनचे तंतू ॲक्टिनच्या तंतूंना पकडून ओढतात आणि स्नायू आखडतो. ट्रोपोनिनचा शोध जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात लावला.

संदेश थांबला, की पंप-प्रथिने एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्चून कॅल्शियम पुन्हा साठ्यात भरतात.

रायनोडाइन ग्राहीच्या जनुकात दोष असल्यास काही भूलवायूंमुळे कॅल्शियम अनिर्बंध सुटते. स्नायू ताठरतात, ताप झपाट्याने चढतो. या जीवघेण्या अवस्थेवर डँट्रोलीन हे औषध देतात. ते साठ्यातील गळती रोखते.