तळणीच्या तेलाची वडी

भाऊबीजेची ओवाळणी झाली, फराळाचे डबे तळाला गेले, म्हणजे स्वयंपाकघरात एक वस्तू उरते आणि तिचे नाव कोणी काढीत नाही. ती म्हणजे तळणीचे तेल. चकल्या, कडबोळी, शंकरपाळे सोसून काळवंडलेले ते तेल भाजीत घालवत नाही आणि मोरीत ओतवत नाही. आमच्या आईने त्यावर तोड काढली होती. वांद्र्याच्या सरकारी वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांत, कार्तिकी एकादशीच्या सुमारास, ती त्या तेलाचा कपडे धुण्याचा साबण करी.

ही विद्या तिने शोधलेली नव्हे. साबणाची वडी आपल्याकडे येण्यापूर्वी धुणे होतच होते. नाजूक लुगड्याला रिठे, मळक्या पंचाला राखेचे निवळ पाणी, आणि परटाच्या भट्टीत खार. राखेच्या पाण्यातला क्षार कपड्यावरच्या तेलकटपणाशी मिळतो आणि तेथल्या तेथे थोडासा साबणच तयार होतो. आमच्या आज्या हे रसायनशास्त्र न शिकता करीत होत्या. ‘साबण’ शब्द मात्र परका. तो अरबी की पोर्तुगीज याविषयी पंडित भांडोत बापडे. दोनशे वर्षे पोर्तुगीज अंमल पाहिलेल्या वांद्र्याने कोणती बाजू घ्यावी, हे सांगायला नको.

विलायती वडी आली १८८८ साली, कलकत्त्याच्या बंदरात, ‘सनलाइट’ या नावाने. ती स्वच्छ होती, सोयीची होती. पण विलायती साबणात चरबी असते, हा बोलबाला सोवळ्या घरांत लवकर पोचला. वांद्र्यात तर महापालिकेचा कत्तलखानाच होता (तो १९७१ साली देवनारला गेला), तेव्हा चरबी म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून द्यावे लागत नसे. अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली ‘चावी’ छाप साबण काढला, तो प्राण्यांची चरबी न घालता, वनस्पतींच्या तेलाचा. स्वदेशीच्या त्या दिवसांत ही केवढी मोठी गोष्ट होती! पुढे खादी व ग्रामोद्योग आयोग १९५७ साली स्थापन झाला, त्याचे मुख्य कार्यालय आमच्या शेजारच्या पार्ल्यात, इर्ल्याला. या आयोगाने निंबोळी, करंज, मोह अशा अखाद्य तेलांच्या साबणाला उत्तेजन दिले, हेतू हा की खाण्याचे तेल धुण्यात जाऊ नये.

आईपुढे प्रश्न उलटा होता. खाण्याचे तेल खाऊन उरले होते, आणि ते महाग होते. १९७२ सालचा दुष्काळ पडला आणि मुंबईत धान्य, तेल, साखर सगळ्यांनीच डोळे वटारले. त्याच साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींनी महागाईविरुद्ध बायकांना संघटित केले. लाटणी घेऊन निघालेले ते मोर्चे पुष्कळांना आठवत असतील. आमची आई मोर्च्याला गेली नाही. ती रंगवाल्याकडून कॉस्टिक सोडा घेऊन आली.

कृती सांगतो, पण लहान मुलांना लांब ठेवूनच ऐकावी. कॉस्टिक पाण्यात टाकायचे, पाणी कॉस्टिकवर ओतायचे नाही. भांडे लोखंडी किंवा मुलाम्याचे हवे. अॅल्युमिनियमचे चालत नाही, कॉस्टिक ते खाऊन टाकते. शंभर भाग शेंगदाण्याच्या तेलाला साडेतेरा भागांच्या आसपास कॉस्टिक लागते, खोबरेलाला अठराच्या वर. नुसत्या शेंगदाण्याच्या तेलाची वडी मऊ पडते, म्हणून ती थोडे खोबरेल घाली. त्याने वडी कडक होई आणि फेसही येई. गाळलेल्या तेलात ते पाणी निवल्यावर बारीक धारेने ओतून ती लाकडी दांड्याने घोटीत बसे, पिठल्यासारखे दाट होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने वड्या कापायच्या आणि तीन-चार आठवडे माळ्यावर सुकवायच्या. वापरण्यापूर्वी ती एक वडी जिभेच्या टोकाला लावून पाही. झोंबली तर अजून माळ्यावर. साबणाला चकलीचा वास येई, यावरून मी शाळेत पुष्कळ हसे करून घेतले.

एकदा घोटताना शिंतोडा उडाला आणि तिच्या उजव्या मनगटावर डाग पडला. तो कायमचा राहिला.

बाजार तोवर बदलत होता. ‘सर्फ’ १९५९ पासून मिळत होती, मचूळ पाण्यातही फेस देणारी, पण आमच्या ऐपतीबाहेरची. अन् १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाचा, सरकारी खात्यातला एक रसायनतज्ज्ञ, आपल्या घराच्या परसात पिवळी पावडर कालवून सायकलवरून दारोदार विकू लागला होता. लेकीच्या नावावरून तिचे नाव ‘निरमा’. किंमत ‘सर्फ’च्या सुमारे चौथाई. ती पावडर आमच्या वाण्याकडे आली आणि आमच्या माळ्यावरच्या वड्यांचा हिशेब चुकू लागला. घरगुती साबणाला मारले ते दुसऱ्या घरच्या परसाने. फरक इतकाच की त्याच्यापाशी सायकल होती, आणि दुपार त्याची स्वतःची होती.

आईची हिशेबाची वही अजून माझ्याकडे आहे. तीत तेल, कॉस्टिक, खोबरेल असे रकाने आहेत. पुढे कुठे तरी एका दिवाळीनंतर ते कोरे आहेत. मी तिला एकदा विचारले, साबण का थांबवला? ती म्हणाली, “पावडर स्वस्त झाली रे. आणि आता ते तेल मी पणत्यांत जाळते.”