मोर्तब ते डिजिटल सही

शिवकालीन पत्रात वर मोठी मुद्रा आणि मजकूर संपला की खाली छोटी, मर्यादेची मुद्रा. तेच मोर्तब. वरची सांगायची पत्र कोणाचं, खालची सांगायची मजकूर इथेच संपला, पुढे कोणी ओळ घुसडू नका. पण मधल्या मजकुरात कोणी अक्षर फिरवलं तर मोर्तब गप्प! ही फट बुजवली डिजिटल सहीने.

आपल्याकडे तिला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. एक्सएमएल संदेशावर सही कशी करायची, याचा जागतिक नियम २००२ चा. संदेश आधी ठरलेल्या साच्यात मांडायचा, कारण एखादी मोकळी जागा वाढली तरी पुढचं गणित चुकतं. मग त्याचा आकडी ठसा काढून गुप्त किल्लीने सही. मधला एक काना बदलला तरी तपासणीत पकडला जातो. कोब्लिट्झ आणि मिलर यांनी १९८५ मध्ये वेगवेगळं सुचवलेलं इलिप्टिक कर्व्हचं गणित २०१३ च्या आवृत्तीत आवश्यक ठरलं. त्यातली २५६ बिटची किल्ली जुन्या आरएसएच्या ३०७२ बिटच्या तोडीची.

आधारची ऑफलाइन केवायसी अशीच सही केलेली एक्सएमएल फाईल. सातबारा पीडीएफ, पण २०१८ पासून तोही डिजिटल सहीचा.

आता आमच्या धामापूरचं बोलतो. सामायिक सातबाऱ्यावर बरीच नावं मुंबईच्या चाकरमान्यांची. त्यांना व्हॉट्सॲपवर जातो तो सातबाऱ्याचा फोटो. मंडळींनो, सही फाईलमध्ये असते, फोटोत नुसतं तिचं चित्र! व्यवहाराआधी मूळ फाईल मागवा, नाहीतर महाभूमीच्या साईटवर खालचा १६ अंकी क्रमांक टाकून बघा.