अंगरख्यावरचे तीन पट्टे

कुलचिन्ह म्हटलं की आपल्याला ढाल आठवते, नाहीतर वाड्याच्या दरवाजावरचं कोरीव काम. पण इंग्रजीतला शब्दच बघा ना, 'कोट ऑफ आर्म्स'. यातला कोट म्हणजे खरोखरच अंगात घालायचा कोट! चिलखतावरून घालायचा कापडी अंगरखा, आणि त्यावर घराण्याची खूण. शिरस्त्राणात चेहरा झाकलेला, तेव्हा माणूस ओळखायचा तो या कापडावरून.

आता ओळखायचा कशासाठी? शौर्य, कुळाचा अभिमान हे सगळं आहेच. पण मला विचाराल तर त्यात रोकडा व्यवहार जास्त होता. मोठा सरदार जिवंत पकडला तर भरपूर खंडणी मिळे. म्हणजे तो अंगरखा शत्रूला सांगायचा, 'मला मारू नका, मी महाग आहे.'

इंग्लंडच्या क्लेअर घराण्याची खूण होती सोनेरी जमिनीवर तीन लाल पट्टे, घराच्या उतरत्या छपरासारखे वर टोक असलेले. या घराण्याचा गिल्बर्ट, ग्लॉस्टरचा अर्ल, १३१४ साली तेवीस वर्षांचा होता. देशातल्या सर्वांत श्रीमंत सरदारांपैकी एक, आणि राजा दुसऱ्या एडवर्डचा सख्खा भाचा. बॅनकबर्नला स्कॉटिश सैन्यासमोर त्याने सल्ला दिला, की सैन्य दमलंय, एक दिवस थांबू या. राजाने त्यालाच भित्रा ठरवलं. झालं! २४ जूनच्या सकाळी हा पठ्ठ्या भाल्यांच्या भिंतीवर तुटून पडला आणि जागीच मेला.

सेंट ऑल्बन्स मठातला इतिवृत्तकार ट्रोकलो नेमकी गोष्ट नोंदवतो: त्या दिवशी त्याच्या अंगावर कुलचिन्हाचा अंगरखा नव्हता. असता तर स्कॉटिश लोकांनी खंडणीसाठी त्याला जिवंत ठेवलं असतं. माझ्या मते यात राजाच्या टोमण्याचा वाटा मोठा. अपमान झालेला माणूस कपडे नीट करत बसत नाही.

गंमत म्हणजे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस हा गिल्बर्टचा साडू. त्याने खंडणी न घेता, मानाने, प्रेत परत पाठवलं. गिल्बर्टला मूल नव्हतं. विधवा मात्र आपण गरोदर आहोत असं सांगत राहिली, तेही दोन वर्षांहून जास्त काळ! अखेर १३१७ मध्ये जहागीर तीन बहिणींत वाटली गेली. थोरल्या एलिनॉरचा नवरा धाकटा ह्यू डिस्पेन्सर. मेव्हण्यांचा वाटा बळकावायच्या त्याच्या हावेतून १३२१ मध्ये वेल्सच्या सीमेवर युद्ध पेटलं. पुढे १३२६ मध्ये त्याला फाशी दिलं गेलं, आणि १३२७ मध्ये राजाची गादीही गेली.

गिल्बर्टला ट्यूक्सबरीच्या मठात पुरलं. तिथल्या चौदाव्या शतकातल्या रंगीत काचांच्या खिडक्या एलिनॉरच्याच पुढाकाराने झाल्या असं मानलं जातं. त्यांत क्लेअर घराण्यातले पुरुष उभे आहेत, चिलखतावर अंगरखा, अंगरख्यावर तीन लाल पट्टे.