सिंहगड ते छावा: कादंबरी पडद्यावर कशी आली

मराठी ऐतिहासिक चित्रपटाचं कूळ शोधत गेलं की वाट कादंबरीवरून थेट पोवाड्यापर्यंत जाते. सिंहगडाच्या कथेत ती स्पष्ट दिसते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री शिवाजी महाराजांचे सरदार तानाजी मालुसरे कोंढाण्यावर, म्हणजेच सिंहगडावर, लढता लढता पडले, पण गड स्वराज्यात आला. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने तानाजींच्या मुलाचं, रायबाचं लग्न आणि कड्यावर चढणारी घोरपड घरोघरी पोहोचवली.

हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ सालची. एका रात्रीच्या लढाईवर कादंबरी उभी राहत नाही. वैराला आधीपासूनचं कारण लागतं. सती जायला निघालेली राजपूत विधवा कमलकुमारी आणि तिला पळवून आणणारा गडाचा मोगल किल्लेदार उदेभान या उपकथानकाने ती गरज भागवली.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये या कादंबरीवर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. पानभर संवाद पडद्यावरच्या दोन-चार ओळींत बसवावे लागत, त्यामुळे कथेचा भार दृश्यांवर आला. रात्रीच्या प्रसंगांसाठी पेंटर यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतात तो तेव्हा नवा होता. या मूकपटात तानाजींचे मामा शेलारमामा झालेल्या व्ही. शांताराम यांनीच १९३३ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीसाठी ‘सिंहगड’ हा बोलपट दिग्दर्शित केला आणि कादंबरीतल्या माणसांना आवाज मिळाला.

ओम राऊत यांच्या ‘तान्हाजी’ या २०२० च्या हिंदी चित्रपटातही उदेभानाने पळवून आणलेली राजपूत विधवा आहे. नवी भर आहे ती ‘नागिन’ या अजस्र तोफेची. गड का घ्यायचा, हे मराठी मुलखाबाहेरच्या प्रेक्षकाला एका नजरेत कळावं, हे तिचं काम. त्रिमिती पडद्याला शोभेल असा भव्यपणाही तिने दिला.

शिवाजी सावंत यांची संभाजी महाराजांवरची ‘छावा’ ही १९७९ ची कादंबरी लक्ष्मण उतेकर यांनी २०२५ मध्ये हिंदीत पडद्यावर आणली. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरसारख्या, घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असलेल्या भागात असा चित्रपट दोन्ही भाषांच्या प्रेक्षकांना एकत्र बसवू शकतो. मात्र रूपांतराचं स्वातंत्र्य मोकाट नसतं. संभाजी महाराज लेझीम खेळतात हे दृश्य झलकीत दिसताच आक्षेप आले आणि प्रदर्शनापूर्वी ते काढावं लागलं. प्रसंग रचणं, गाळणं, वाढवणं हा दिग्दर्शकाचा हक्क खरा. पण ज्यांच्या मनात ती व्यक्ती पूज्य आहे, त्यांना उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.