जामीनदार

परवा रात्री सिहोऱ्याहून चुलतभावाचा फोन आला. रोवणी आटोपली का, चांदपूरच्या तलावात पाणी किती, असं इकडचं तिकडचं झालं. मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, थ्रेशरसाठी कर्ज काढतो आहे. पतसंस्थेवाले नोकरीवाला जामीनदार मागतात. तुमची एक सही पाहिजे होती."

मी "बघू" म्हणालो. "बघू" हा किती वाईट शब्द आहे, ते फोन ठेवल्यावर कळलं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिहोरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं आमचं गाव. बपेऱ्याच्या रस्त्यावर. थोडं पुढे गेलं की मध्य प्रदेश लागतो. सगळा धानाचा मुलुख. माझ्या लहानपणी या गावात दोन शब्द सारखे कानावर पडायचे, पाऊस आणि सोसायटी. सोसायटी म्हणजे सेवा सहकारी संस्था, पीककर्ज देणारी. आजोबांच्या पेटीत त्यांच्या शेअरची पावती अजून आहे, घडीवर फाटलेली.

त्या रात्री झोप येईना, म्हणून ही सोसायटी मुळात आली कुठून ते वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते सावकारापासून. आमच्याकडे मालगुजाराकडून किंवा सावकाराकडून बियाण्याचा धान आणायचा आणि पिकल्यावर सवाईने, नाहीतर दिडीने परत करायचा. म्हणजे खंडीची सव्वा खंडी, किंवा थेट दीड. तिकडे पुणे जिल्ह्यात सुप्याला १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाही केला. पण कागद जाळला तरी पुढच्या पेरणीला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर जर्मनीतून आलं. तिथे रायफायझन नावाचा एक मेयर होता. श्रीमंतांच्या देणग्यांवर गरिबांना मदत करून त्याने पाहिली, पण ते टिकेना. मग १८६४ साली हेडेसडॉर्फला त्याने शेतकऱ्यांचीच पतसंस्था काढली. एकाचं कर्ज, सगळ्यांची हमी. मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन यांनी या संस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्या कायद्याखालची पहिली शेती पतसंस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली, सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने. ते गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. आमचा भंडारा मध्य प्रांतात, पण कायदा तोच.

मला त्या कायद्यातल्या दोन अटी फार आवडल्या. कमीत कमी दहा माणसं हवीत, आणि ती साधारण एकाच गावची किंवा आसपासच्या गावांची. दुसरी अट, खेड्यातल्या संस्थेची जबाबदारी अमर्याद. म्हणजे संस्था बुडाली तर सभासदाचे बैल, भांडी, शेत, सगळं पणाला! आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्यामागचा विचार साधा होता. कोणाच्या बांधीत किती पिकलं, कोण दारूवर उडवतो, कोणाची मुलगी लग्नाला आली आहे, हे गावाला ठाऊक असतं. सावकाराला तारण लागायचं, इथे ओळख हेच तारण.

हे सगळं छान चाललं असं नाही. १९५१-५२ साली गोरवाला समितीने देशभर पाहणी केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा निघाला जेमतेम ३ टक्के! बाकी बहुतेक सावकारच. सहकार आजवर फसला, पण तो यशस्वी केल्याशिवाय गत्यंतर नाही, असं समितीचं म्हणणं पडलं. मग सरकारने भागभांडवल घातलं आणि हळूहळू अमर्याद जबाबदारी मागे पडली. महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा आला. वर राज्य बँक, मध्ये जिल्हा बँक, खाली गावची सोसायटी. पैसा वाढला आणि सावकाराची पकड सैल झाली, हे मान्य करायलाच हवं. पण पैसा वरून यायला लागला तसं ते 'सरकारचं कर्ज' झालं. २००८, २०१७, २०१९, अशा कर्जमाफ्या आल्या. बुडत्याला त्यांनी हात दिला, यात शंका नाही. पण शेजाऱ्याचं कर्ज फिटलं की नाही, याची काळजी शेजाऱ्याने करायचं कारण उरलं नाही.

आजोबांच्या वेळी ते होतं. आजीकडून शंभर वेळा ऐकलेली गोष्ट. आजोबा एका शेजाऱ्याला जामीन राहिले. त्या वर्षी रोवणीनंतर पाऊस गेला, धान गर्भातच वाळला. हप्ता भरायला आजोबांनी एक बैल विकला. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "दुसऱ्याच्या कर्जापायी आपल्या दावणीचा बैल गेला." आजोबांचं उत्तर ठरलेलं, "त्याच्या बांध्या मी रोज पाहत होतो. तो खोटा नव्हता, पाऊस खोटा निघाला."

शेजाऱ्याने पैसे फेडले. थोडे रोख, थोडा धान, आणि तीन वर्षं आमच्या शेताची नांगरणी. याची पावती मात्र पेटीत नाही.

तर मंडळी, रविवारी सिहोऱ्याला गेलो. घरात एक-दोन भुवया वर गेल्या होत्याच. असो. भावाने कर्जाचे कागद पुढे ठेवले. म्हटलं, "आधी शेत दाखव." बांधावरून चालताना लक्षात आलं, मी इथे अकरा वर्षांनी येत होतो. कुठली बांधी त्याची आणि कुठली आमची, तेही त्यालाच विचारावं लागलं. फोनवर मला भीती पैशाची वाटली, असं मी समजत होतो. खरं म्हणजे मी त्याला ओळखतच नव्हतो.

त्याने मागच्या तीन वर्षांचा हिशेब दाखवला, वहीत लिहिलेला. कुठे तोटा झाला तेही न लपवता सांगितलं. संध्याकाळी सही केली.

पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, धान निसवला का ते बघायला. जामीनदाराने बघायला हवं ना! :)